एका दिवाळीचा महाराज : पॅट्रिक गेडिस

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपली जुनी म्हण आहे. घर बांधणे हे कष्टाचे काम आहे, एवढेच ती सांगते. परंतु बांधलेल्या घरात टिकून राहणे त्याहून कष्टाचे होईल, सुधारणेच्याच नावाने राहत्या माणसाला घराबाहेर पडावे लागेल आणि जागेची किंमत वाढते म्हणून तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यालाच ती जागा परवडेनाशी होईल, ही काळजी म्हण रचणाऱ्यांना नव्हती. ती काळजी ज्या थोड्या लोकांनी फार लवकर ओळखली, त्यांत एका स्कॉटिश अध्यापकाचे नाव घ्यावे लागते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. इंदूरच्या जुन्या घराण्यांतून त्यांची आठवण एका दिवाळीच्या मिरवणुकीपुरती उरली आहे. ती मिरवणूक मौजेची होतीच. पण तिच्यामागचा विचार मिरवणुकीहून मोठा होता.

बैहरसारख्या डोंगरमाथ्यावरच्या तहसिलीच्या गावी बसून नगररचनेवर काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. मैकल पर्वताच्या रांगांत वसलेला हा भाग गोंड आणि बैगा लोकांचा. येथे दुमजली घर दिसले तरी नजर वळते. परंतु शहरांचा प्रश्न शहरातच सुरू होतो असे नाही. शेतीचे काम संपले की येथील माणसे घाट उतरून बालाघाटला जातात आणि तेथून कोणी नागपूरची, कोणी जबलपूरची, कोणी रायपूरची वाट धरतो. तेथे गेल्यावर पहिला प्रश्न कामाचा नसतो. काम मिळते. रात्री अंग कोठे टाकायचे, हा पहिला प्रश्न असतो. ज्या नागपूर व जबलपूरकडे आमचा मजूर जातो, त्या दोन्ही शहरांची पाहणी करून गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी अहवाल लिहिले होते. तेव्हा बैहरहून त्यांची आठवण काढणे अगदीच अस्थानी नाही.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे पलटणीतले. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ या गावी राहावयास आले. गावाच्या कडेला टेकडीवर त्यांचे छोटेसे घर होते आणि त्याला बाग होती. त्या बागेत वडिलांच्या हाताखाली काम करता करता मुलाला झाडांची ओढ लागली. पुढे आयुष्यभर शहरांचा विचार करताना हा मनुष्य माळ्याच्या नजरेनेच पाहत राहिला. रोप उपटून दुसरीकडे लावले की त्याची मुळे तुटतात, हे त्याने पुस्तकात वाचण्याआधी हाताने अनुभवले होते.

तरुणपणी त्यांनी लंडनला जाऊन प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ले यांच्यापाशी अध्ययन केले. पदवीसाठी परीक्षा देण्याच्या भरीस ते पडले नाहीत. पंचविशीच्या सुमारास, १८७९ मध्ये, संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांचे डोळे बिघडले आणि काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकाशी जन्माचे नाते जोडू पाहणाऱ्या तरुणाला हा मोठाच आघात होता. दृष्टी परत आली, पण डोळ्यांवर पूर्वीसारखा भार टाकण्याची सोय राहिली नाही. पेशीच्या अभ्यासाकडून हळूहळू ते वस्तीच्या अभ्यासाकडे वळले. जीव आणि त्याचे भोवताल यांचा संबंध काय, हाच प्रश्न त्यांनी माणसाच्या घराला लावला.

१८८० पासून ते एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत होते. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी एडिंबरोत दोन शहरे नांदत होती. सधन मंडळी रुंद रस्त्यांच्या नव्या नगरात राहत, आणि जुन्या नगरातील उंच, अंधाऱ्या, कोंदट इमारतींत गरिबांची दाटी झालेली होती. नवविवाहित प्राध्यापकाने नव्या नगरात बिऱ्हाड करावे हा शिष्टाचार. गेडिस दांपत्याने १८८७ च्या सुमारास जुन्या नगरातील जेम्स कोर्ट नावाच्या एका पडक्या वाड्यात घर केले. आपल्याकडच्या माणसाला कल्पना यावी म्हणून म्हणतो, दरबारात मान असलेल्या शास्त्रीबुवांनी राजवाड्यामागची हवेली सोडून गावकुसालगतच्या चाळीत संसार मांडावा, तसा हा प्रकार होता.

तेथे त्यांनी भाषणे दिली नाहीत. हातात झाडू आणि चुन्याची बादली घेतली. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जिने धुतले, भिंतींना सफेदी दिली, खिडक्यांतून फुलझाडे लावली. जेथे उजेडाला वाटच नव्हती तेथे एखादे मोडकळीस आलेले घर तेवढे काढून चौक मोकळा केला, आणि बाकीची घरे होती तशी ठेवून त्यांची डागडुजी केली. त्याच वर्षी त्यांनी विद्यार्थ्यांनी स्वतः चालवावयाचे वसतिगृह उघडले. गरीब घरचा मुलगा शहरात शिकायला आला तर त्याने राहावे कोठे, या प्रश्नाला पुढे १९०१ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांनी बोर्डिंगांच्या रूपाने जे उत्तर दिले, ते मराठी वाचकास ठाऊकच आहे. शिक्षणाचा प्रश्न हा अर्धा निवाऱ्याचा प्रश्न असतो, हे दोघांनीही ओळखले होते.

परंतु घरे विकत घ्यावयाची, दुरुस्त करावयाची आणि माफक भाड्याने द्यावयाची, तर भांडवल लागते. गेडिस यांच्यापाशी ते नव्हते. कर्जे वाढत गेली. व्यवहार हा त्यांचा प्रांतच नव्हे. मित्र घायकुतीला येत. शेवटी १८९६ मध्ये स्नेह्यांनी एक कंपनी स्थापून त्यांच्या मालमत्तेचा कारभार तिच्याकडे घेतला, म्हणून हा डोलारा उभा राहिला. डंडी येथील महाविद्यालयात १८८८ पासून त्यांना वनस्पतिशास्त्राचे अध्यासन मिळाले होते. तेथे वर्षातून उन्हाळ्याच्या सत्रापुरतेच शिकवावे लागे, म्हणून उरलेला काळ शहरांसाठी मोकळा राहिला. एडिंबरोच्या किल्ल्याजवळचा एक मनोरा १८९२ मध्ये घेऊन त्यांनी तेथे शहराच्या अभ्यासाचे प्रदर्शन मांडले. वरच्या गच्चीवरून आपले गाव पाहावे, आणि मग एकेक मजला उतरत गाव, प्रांत, देश, जग यांचा संबंध समजून घ्यावा, अशी त्याची रचना होती. १९१५ मध्ये त्यांचा शहरांच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ निघाला. एकमेकांत मिसळून जाणाऱ्या शहरांच्या पट्ट्याला इंग्रजीत जो शब्द आज सर्रास वापरतात, तो त्यांनीच घडविला.

हिंदुस्थानात त्यांना बोलावले मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी. नगररचनेचे आपले प्रदर्शन जहाजावर चढवून गेडिस १९१४ च्या अखेरीस निघाले. ते स्वतः पोहोचले, पण प्रदर्शन पोहोचले नाही. ज्या एमडन या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या होत्या, तिनेच ते जहाज बुडविले. वर्षानुवर्षे जमविलेले नकाशे, चित्रे, आराखडे समुद्राच्या तळाशी गेले. दुसरा कोणी खचला असता. यांनी मित्रांकडून नवे साहित्य मागविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवून दाखविले.

त्यानंतरची काही वर्षे हा साठीचा गृहस्थ दाढी विस्कटलेली, खिशात कागदांची चळत, अशा वेषात देशभर फिरला. मद्रास इलाख्यातील देवळांची गावे, मुंबई इलाख्यातील ठाणे, वांद्रे, सुरत, अमदाबाद, गायकवाडांचे बडोदे, मग लखनौ, लाहोर, नागपूर, जबलपूर अशी ती यादी आहे. कामाची रीत सर्वत्र एकच. आधी कचेरीतला नकाशा पाहायचा नाही. पहाटे उठून गल्लीबोळ पायांखाली घालायचे, विहिरी, पार, देवळे, वड-पिंपळ कोठे आहेत ते टिपायचे, कोणते घर कोणाचे व त्यात किती माणसे, हे जाणून घ्यायचे आणि मग लेखणी उचलायची. गाणे शिकविणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटते. नवा शिष्य समोर बसला की आधी त्याला गाऊ द्यावे लागते. त्याचा आवाज कोठे खुला आहे, कोठे दबतो, हे कानांनी घेतल्याशिवाय तालीम सुरू केली तर गळा बिघडतो.

त्या काळी शहरसुधारणेची सरकारी रीत याच्या नेमकी उलटी होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये तेथे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती म्हणजे रोगाचे घर, म्हणून ती वस्ती पाडावी, मधून रुंद रस्ता काढावा आणि रस्त्याच्या कडेची जागा चढ्या किमतीने देऊन खर्च भरून काढावा, असा तो हिशेब. हिशेबात रस्ता होता, जमीन होती, व्याज होते. ज्याचे घर पडले त्याने रात्री जावे कोठे, हे कलम नव्हते. तो माणूस अर्थातच पलीकडच्या गल्लीत जाई, आणि तेथे चार माणसांच्या खोलीत आठ होत. दाटी नाहीशी होत नसे, तिची जागा तेवढी बदले. आणि पलीकडच्या गल्लीचे भाडे वाढे. गेडिस यांनी हा आतबट्ट्याचा व्यवहार अहवालामागून अहवालात उघडा केला. त्यांचे म्हणणे असे होते की, गरिबाच्या घराला रुंद रस्त्यापेक्षा अधिक जागेची गरज असते. रस्त्यासाठी दिलेली भरपाई आणि फरसबंदीचा खर्च शेवटी भाड्यातूनच वसूल होतो. आणि तोच पैसा घरांवर खर्च केला तर रोगही हटेल व माणूसही हलणार नाही. त्यांच्या पद्धतीला त्यांनी वैद्यकातले नाव दिले होते. जपून केलेली शस्त्रक्रिया, असे त्याचे मराठी करता येईल. जो भाग कुजला आहे तेवढाच काढायचा. अवयव तोडायचा नाही.

अशा कामात असतानाच १९१७ साल उजाडले. त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये त्यांचा थोरला मुलगा अलॅस्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी ॲनाबाई हिंदुस्थानात आजारी होत्या. ती बातमी त्यांना सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती त्यांच्यापासून लपवून ठेवली. मुलगा गेल्याचे न कळताच जून महिन्यात त्या वारल्या. तीस वर्षांपूर्वी ज्या बाईने त्यांच्याबरोबर चाळीत संसार थाटला होता, ती परक्या भूमीत गेली. थोड्याच महिन्यांच्या अंतराने हा मनुष्य इंदूरच्या रस्त्यांवर लोकांचा सण उभा करीत होता. त्या सणाकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

इंदुरास तेव्हा तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते. गिरण्यांनी शहर वाढत होते, खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ घाणीने भरले होते, आणि प्लेगचे भय लोकांच्या मनात कायम होते. गोऱ्या साहेबाला नकाशे घेऊन गल्लीत हिंडताना पाहून लोक धसकले. साहेब आला म्हणजे घर पडणार, असाच त्यांचा अनुभव. ते भय घालविल्यावाचून काम पुढे जाणार नाही, हे गेडिस यांच्या ध्यानी आले. त्यांनी दरबाराकडे एक अजब मागणी केली. येत्या दिवाळीपुरते मला महाराज करा, अशी ती मागणी होती. दरबाराने ती मानली.

मग दवंडी पिटली गेली. दिवाळीची मिरवणूक या वर्षी नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे झाडून, सारवून, दुरुस्त होतील, त्या रस्त्याने ती जाईल. घरातला केरकचरा दरबाराच्या गाड्या फुकट उचलून नेतील. एवढे झाल्यावर शहराला काय चेव आला असेल, ते इंदूरचा स्वभाव जाणणाऱ्याने ताडावे. आळीआळीची चुरस लागली. वर्षानुवर्षांचे उकिरडे उपसले गेले, भिंतींना रंग चढले, उंदीर पकडण्याची मोहीम निघाली.

दिवाळीच्या दिवशी मिरवणूक निघाली तेव्हा पुढे हत्ती, घोडेस्वार, उंट आणि पिकांनी सजविलेल्या बैलगाड्या होत्या. त्यामागून बेसूर वाद्यांच्या कोलाहलात रोगराईची सोंगे, घाणीचा अवाढव्य राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर आला. त्यानंतर वाद्यांचा सूर बदलला, आणि शहराचे सफाई कामगार आले. अंगावर नवे पांढरे कपडे, गळ्यात फुलांच्या माळा, हातात नवे झाडू. ज्यांची सावली चुकवून लोक चालत, त्यांना त्या दिवशी सगळ्या शहराने रस्त्याच्या मध्यभागातून मानाने जाताना पाहिले. त्यांच्यामागे नव्या इंदूरची नगरदेवता, आणि तिच्याबरोबर होणाऱ्या घरांचे, बागांचे, ग्रंथालयाचे देखावे. कुंभार, गवंडी, सुतार, माळी आपापल्या गाड्यांवर. घरोघरी तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले. दुसऱ्या दिवशी महाराज पुन्हा गल्लीत नकाशे घेऊन उभे राहिले. पण आता लोक दार लावून घेत नव्हते.

इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन भागांत दरबारच्या छापखान्यात छापला गेला. त्यात नद्यांचे काठ स्वच्छ करून बागा करण्याची योजना आहे, मैल्याचे खत करून ते बागांना देण्याचा विचार आहे, विद्यापीठाचे स्वप्न आहे. पण त्याचा गाभा घर हाच आहे. गिरणीतल्या मजुराला चाळीतली खोली न देता जमिनीचा लहानसा तुकडा द्यावा. त्याने त्यावर आधी साधा निवारा उभारावा, मग ऐपत येईल तसतसे घर वाढवावे. दारी झाड लावावे. मजुराच्या हातात कसब असते आणि घरच्या बायकांना सारवण-लिंपण येते, हेच त्याचे भांडवल. ज्याला सावकाराकडे जावे लागत नाही असे घर, ही त्यामागची कल्पना होती.

यातले किती झाले? फारसे झाले नाही. काही रस्ते वाचले, काही पेठा त्या विचाराने वसल्या, पुष्कळसा अहवाल कपाटात राहिला. दरबाराची मर्जी दुसरीकडे वळली. १९२६ मध्ये तुकोजीरावांनाच गादी सोडावी लागली. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली. दरबारी आश्रय आणि हक्क यांत अंतर असते, हे ज्यांच्या घरात दरबारचे गाणे होते त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आश्रयाने मिळालेली खोली मर्जी असेतोवर आपली असते. गवयाला ती गाण्यासाठी मिळते, गळा गेला की खोली जाते. गेडिस यांनी गरिबाला शहाणपणाने आणि मायेने वागविण्याची रीत दाखविली. पण ती रीत धन्याच्या चांगुलपणावर उभी होती. धनी बदलला की ती बदलणारच.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. त्यांच्या मागून ज्यांनी तो विभाग नावारूपास आणला, ते गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. पहिल्या महायुद्धानंतरची ती मुंबई जागेच्या भावाने वेडी झाली होती. भाडी इतकी भडकली होती की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९२० मध्ये विकास खाते निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मजुरांसाठी २०७ चाळी बांधल्या. त्याच आज ओळखल्या जाणाऱ्या बीडीडी चाळी. तशा चाळींत गेडिस यांना घर दिसेना. माणसे साठविण्याची वखार दिसे. परंतु पुढे घडले ते त्यांच्या हिशेबाबाहेरचे होते. त्या वखारींतच लोकांनी घर केले. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत संसार झाले, सार्वजनिक गणपती बसले, भजनी मंडळे आणि शाहिरांचे फड निघाले. गेडिस यांना इमारत दिसली ती बरोबरच दिसली. पण कमी भाड्याची आणि सहसा हिरावून न घेता येणारी खोली माणसाला किती बळ देते, ते काळाने दाखविले. आज त्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. जुन्या रहिवाशाला पाचशे चौरस फुटांचे घर, आणि त्याचा खर्च शेजारी विकावयाच्या महागड्या घरांतून. म्हणजे गरिबाच्या घराचा आधार पुन्हा बाजारातल्या जागेच्या भावावरच ठेवलेला आहे.

प्रकृती साथ देईना म्हणून गेडिस १९२४ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेलिए येथे जाऊन राहिले. तेथेही डोंगरउतारावर त्यांनी बाग लावून विद्यार्थ्यांसाठी घरे बांधलीच. १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी केला. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र त्यांनी १९२० मध्येच लिहिले होते. रवींद्रनाथांशी स्नेह होता, आणि मुलगा आर्थर श्रीनिकेतनात काम करून आला होता. १९३२ मध्ये सरकारने त्यांना सर ही पदवी दिली, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे जे उरले त्यात एक चटका लावणारी गोष्ट आहे. एडिंबरोच्या ज्या पडक्या वस्तीत ते राहायला गेले, तिच्या शेजारी त्यांनी उभारलेली रॅम्से गार्डनची घरे आज त्या शहरातील अत्यंत महाग घरांत गणली जातात. त्यांतली कित्येक प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने दिली जातात. वस्ती सुधारली, सुंदर झाली, म्हणून तिची किंमत वाढली. आणि किंमत वाढली म्हणून साध्या माणसाला ती मिळेनाशी झाली. सुधारणा करणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, हातून काम उत्तम झाले, तरी शेवट असा झाला. जमिनीच्या वाढत्या किमतीवर राहणाऱ्याचा हक्क आधी बांधून ठेवला नाही, तर झाडू, चुना आणि फुलझाडे हीसुद्धा दुसऱ्याच्या फायद्याची होतात.

आमच्या काळात हा रोग पुष्कळ पुढे गेला आहे. पूर्वी घरमालक भाड्यासाठी घर बांधी. त्याला निदान भाडेकरू लागे. आता घर हे ठेवीच्या पावतीसारखे घेतात. त्यात कोणी राहिले काय आणि कुलूप राहिले काय, भाव चढला म्हणजे झाले. पैसा लावणारा कधी ते शहर पाहिलेलाही नसतो. त्यामुळे एकीकडे दिवा न लागणारे मजले आणि दुसरीकडे नाल्याच्या काठावर ताडपत्री, अशी दोन चित्रे एकाच रस्त्यावर दिसतात.

इंदूरनेच याची दोन्ही रूपे पाहिली आहेत. मध्य प्रदेशाने १९८४ मध्ये शहरांतील भूमिहीनांना ते राहत असलेल्या जागेचे पट्टे देण्याचा कायदा केला. पुढे इंदुरात वस्त्या न हलविता, नद्यानाल्यांच्या उताराचाच उपयोग करून गल्लोगल्ली मोऱ्या व रस्ते करण्याचे काम झाले, आणि त्याला १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. गेडिस यांना ते पाहून समाधान वाटले असते. त्याच इंदुरात हुकूमचंद मिल १९९१-९२ मध्ये बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांची देणी तीस वर्षे अडकली, आणि जमीन गृहनिर्माण मंडळाकडे देण्याची तोड निघाली तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात सुमारे २२४ कोटी रुपये मोकळे झाले. तोवर कित्येक कामगार निवर्तले होते. ज्यांच्या घामाने ती जागा शहराच्या मध्यात आली, त्यांना पैसे मिळाले ते जमिनीला गिऱ्हाईक मिळाले म्हणून.

न्यायालयाने आपल्या परीने शब्द दिला आहे. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरी नोटीस देऊन त्यांना उठविता येईल, असेही ठरले. निवारा हाही जगण्याच्या हक्कात येतो, हे १९९० आणि १९९६ च्या निकालांनी अधिक स्पष्ट झाले. हक्क कागदावर आला आहे. तो जागेवर यायचा आहे.

येथे बैहरकडे पाहिले म्हणजे एक विचार मनात येतो. बैहर हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र आहे. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेतील कलम १६५ मुळे येथील आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत घेता येत नाही. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की दार याच तहसिलीत. तेथे वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी विश्रामगृहे झाली आणि आसपासच्या जमिनीला कधी नव्हे तो भाव आला. त्या भावाच्या लोटापुढे गोंडाची आणि बैग्याची ओसरी जी काही टिकून आहे, ती या कलमाच्या आधाराने. पळवाटा शोधणारे शोधतात, हे खरे. तरी जमीन ही राहणाऱ्याची आहे, केवळ मोल देणाऱ्याची नाही, हे तत्त्व कायद्याने येथे मान्य केले आहे.

पण तोच गोंड मजूर मुक्कीहून उठून जबलपूरला विटा वाहायला गेला की त्याच्या मागचे हे संरक्षण घाटाखाली संपते. तेथे त्याच्या झोपडीला बाजारभावाखेरीज दुसरा कायदा नसतो. जे जंगलातल्या जमिनीला मान्य केले, ते शहरातल्या दहा हात जागेला मान्य करायचे की नाही, हा आता आपल्यापुढचा प्रश्न आहे. गेडिस यांनी एका दिवाळीपुरते महाराजपद मागून घेतले आणि ते सगळे गरिबांच्या गल्लीवर खर्च केले. आज महाराज कोणी नाही. नगरपालिका आहेत, विधानसभा आहेत, आणि त्यांना निवडून देणारे आपण आहोत. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, हे आता आपणच ठरवायचे आहे.